ताई येतो

आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर ज्या बाई राहतात त्यांना सगळे वेलांटीबाई म्हणतात. हे नाव मी ठेवलं असं लोक सांगतात. सांगू देत, मी कधी नाकारलेलं नाही. जिन्याखालच्या फळ्यावर कोणी ‘उद्या पाणि येणार नाहि’ असं लिहिलं, की पाणी जायच्या आधी बाई लाल पेन घेऊन खाली हजर. एकदा तळमजल्यावरचे आजोबा गेले, तेव्हा त्यांच्या मुलाने दारावर लावलेल्या कागदातही बाईंनी ‘दुखद’मध्ये विसर्ग घातला आणि ‘नीधन’ची दुसरी वेलांटी पहिली केली. तो मुलगा रडता रडता म्हणाला, आता बाबा शुद्ध गेले.

हल्ली बाई फळ्याकडे बघतसुद्धा नाहीत. फळ्यावर वाटेल ते लिहिलेलं असतं. त्यांच्या धाकट्या भावाने मरण्याआधी त्यांना दोन शब्दांचा निरोप पाठवला होता. त्यातला दुसरा शब्द त्याचा होता की बाईंचाच, या एका प्रश्नाने त्यांना धरलं, आणि मग सोडलं नाही. हे विचित्र वाटेल. निरोप भावाचा, मग शब्द बहिणीचा कसा? तेच सांगते. पण त्यासाठी आधी बाईंची नोकरी सांगायला हवी, आणि ती मला पाठ आहे, कारण मी त्यांच्याकडून ती इतक्यांदा वदवून घेतली आहे.

बाई आधी शाळेत भाषा शिकवायच्या. लग्न केलं नाही. का नाही, ते मी आडून, उभ्याने, चहा पाजून, सगळ्या तऱ्हांनी विचारून पाहिलं. एवढंच हाती लागलं की आई लवकर गेली आणि धाकट्याला वाढवण्यात वर्षं निघून गेली. मग एके दिवशी त्या शाळेतून उठून थेट मोबाईल फोनच्या कंपनीत गेल्या. मोबाईल म्हणजे काचेचा नाही हं, बटणांचा. माझ्या नवऱ्याच्या भाषेत ठोकळा. तो पडला तर फरशी बघायची, फोन नाही. त्या काळी रस्त्यावर दहा माणसं उभी असली तर नऊ जणांच्या खिशात त्याच कंपनीचा ठोकळा, आणि दहावा तो घ्यायला निघालेला.

त्या ठोकळ्यावर अक्षरांना जागा कमी. एका बटणावर त, थ, द, ध, न ही पाच भावंडं दाटीवाटीने बसलेली. दुसऱ्यावर य, र, ल, व. आणि काना, मात्रा, वेलांट्या, उकार हे सगळं बिऱ्हाड एकाच बटणावर. तुम्ही प्रत्येक खुणेसाठी बटण एकदाच दाबायचं, आणि तुम्हाला काय म्हणायचंय ते फोनने ओळखायचं. फोन बिचारा कसा ओळखणार? तर त्याला शब्द शिकवून ठेवणारी एक खोली होती, आणि त्या खोलीत आपल्या भाषेच्या टेबलावर बाई.

काम काय, तर शब्द आत घ्यायचे किंवा बाहेर काढायचे, आणि आत घेतलेल्यांचा मान ठरवायचा. कारण त्याच बटणांत अनेक शब्द बसतात. य, मात्रा, त, मात्रा, एवढं दाबलं की ‘येतो’ होतं. पण त्याच चार दाबण्यांत ‘येते’ही होतं, ‘येथे’ही होतं, ‘लाथा’ होतं आणि ‘राधा’सुद्धा होतं. पहिल्या मानाचा शब्द आपोआप उमटायचा. दुसरा हवा असेल तर चांदणीचं बटण दाबत बसायचं. बाईंनी ‘येतो’ पहिला ठेवला होता. मी विचारलं, बाई, तुम्ही बाई असून ‘येते’ दुसरा? तर म्हणाल्या, पुरुष दिवसभर ‘येतो येतो’ लिहितात आणि येत नाहीत, बायका न लिहिता येऊन उभ्या राहतात, मी काय करू. ‘राधा’ शेवटी होती. म्हणजे राधा नावाच्या मुलीला निरोप लिहिणाऱ्याला तिच्यापर्यंत पोचायला आधी लाथा खाव्या लागायच्या. हे मी लग्नघरांत सांगून खूप हशा मिळवला आहे.

आणि चांदणी दाबतं कोण? घाई सगळ्यांना. चुकीचा शब्द उमटलेला दिसायचा, तरी माणूस म्हणायचा, जाऊ दे, समजून घेईल. मी नवऱ्याला लिहिलं होतं, ‘भाजी घेऊन येतो’. त्याचं उत्तर आलं, ‘या साहेब’.

धाकटा पाट्या रंगवायचा. दुकानांची नावं, शटरवरची मोठी अक्षरं. हात देखणा होता. अक्षर असं वळवायचा की दुकानातला माल त्यापुढे फिका. फक्त त्याला ऱ्हस्व-दीर्घाशी आणि शब्द कुठे तोडावा याच्याशी देणंघेणं नव्हतं. ‘आत याना’ असं एकाच दमात रंगवलेल्या त्याच्या पाट्या गावभर होत्या, आणि बाई त्या दुकानांवरून जाताना मान खाली घालून जायच्या. गंमत बघा. बहीण फोनच्या आत शब्द भरायची आणि भाऊ बाहेर दुकानांवर त्याच कंपनीचं नाव रंगवायचा. एकाच घराचं पोट कंपनी आतून-बाहेरून भरत होती.

भांडण पाटीवरूनच झालं. बाईंनी आमच्या इमारतीत घर घेतलं तेव्हा त्याने दारासाठी पाटी रंगवून आणली. सोनेरी अक्षरं, कडेला वेल. मी स्वतः बघायला गेले होते, इतकी सुरेख. पण ‘निवास’ची वेलांटी दुसरी. बाईंनी तो गेल्यावर काळ्या पेनने ती पहिली केली. पुढच्या खेपेला तो आला, दारातच उभा राहिला, पाटीकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाला, “ताई, तुला पाटी दिसलीच नाही. वेलांटी तेवढी दिसली.” आणि पायऱ्या उतरून गेला. दुसऱ्या गावी जाऊन राहिला. त्यानंतर दोघांनी एकमेकांशी शब्द काढला नाही. हट्टात दोघं सख्खे होते.

मग काचेचे फोन आले. कंपनीच्या मोठ्या साहेबाने सगळ्यांना जमवून सांगितलं म्हणे, की घाबरू नका, माणसाच्या अंगठ्याला काहीतरी दाबल्यासारखं वाटावं लागतं, नुसत्या काचेवर कोण लिहिणार. बाईंनीही मान डोलावली होती. पण लोकांच्या अंगठ्यांनी साहेबाला विचारलं नाही. दुसऱ्या कंपन्यांचे फोन येत राहिले, आजचा उद्या जुना, उद्याचा परवा स्वस्त. यांनीही काचेचे काढले, पण जत्रा उठल्यावर दुकान मांडावं तसे. कंपनीच्या इमारतीचे वरचे मजले आधी रिकामे झाले. मग जेवणाच्या दालनात माणसं कमी आणि खुर्च्या जास्त झाल्या. बाई सांगायच्या की संध्याकाळी मजल्यामजल्याचे दिवे बंद होत खाली यायचे, आणि आपल्या मजल्यावर आले की आपण उठायचं. एकदा तसंच उठल्या आणि परत जायची वेळ आली नाही. निरोपाची भेट म्हणून कंपनीने एक ठोकळा दिला. कंपनी बुडाली तरी तो चालू होता, आणि बाई तोच वापरायच्या.

धाकट्याचंही तेच झालं. आपणच रंगवलेलं कंपनीचं नाव खरवडून त्यावर दुसऱ्यांची नावं रंगवायचं काम काही दिवस मिळालं. मग छापील फलक आले आणि कुंचल्याची गरजच उरली नाही.

त्या दुपारी मी बाईंकडे चाळणी मागायला गेले होते. चाळणी माझ्याकडे होती, पण बातमी नव्हती. बाईंचा ठोकळा टेबलावर थरथरला. त्यांनी बघितलं आणि खुर्चीत बसल्या. मग फोन माझ्यापुढे धरला. धाकट्याचा निरोप. ‘ताई येतो’.

इतक्या वर्षांनी दोन शब्द. बाईंनी लगेच उत्तर लिहिलं. मला वाटलं, मोठं काहीतरी लिहितील. त्यांनी लिहिलं, ‘ये.’ पुढे पूर्णविरामही दिला. मी म्हटलं, अहो एवढंच? तर म्हणाल्या, त्याने दोन शब्द खर्च केले, मी एक केला, बाकीचं समोर बसून बोलू.

आणि मग जी धांदल. आतल्या खोलीतली गादी उन्हात, चादरी धुतल्या, गळका नळ दुरुस्त करायला माणूस. त्या दिवशी तो आला नाही. त्यांनी दार नुसतं लोटून ठेवलं होतं, कडी नाही. दुसरा दिवसही उजाडला. फोन करा म्हटलं तर म्हणाल्या, येतो म्हणालाय ना, मग मागे कशाला लागू. मग फोन आला, पण त्याच्या घरमालकाचा. धाकटा गेला. छातीत कफ साचला होता म्हणे बरेच दिवस, कोणाला बोलला नाही. नातेवाईक कोण, हे घरमालकाला भिंतीवरून कळलं. त्या पठ्ठ्याने ओळखीच्यांचे नंबर खोलीच्या भिंतीवर रंगवून ठेवले होते, आणि सगळ्यांत वर, वळणदार अक्षरांत, ‘ताई’.

भेटायला आलेल्या बायकांनी त्या निरोपाचा अर्थ तिथल्या तिथे लावला. बाईंची एक आत्या डोळे पुसत म्हणाली, बघ, जातो नाही म्हणाला, येतो म्हणाला, आपल्यात निघताना असंच म्हणतात, तुझा निरोप घेऊन गेला गं. सगळ्यांना ते पटलं. बाईंनाही पटलं. मला तर इतकं पटलं की मी ते पुढे चार घरी सांगितलं आणि चारही घरी रडू आणलं. त्या एका अर्थावर बाई पुढची सात-आठ वर्षं ठीक होत्या. लाल पेन घेऊन जिना उतरत होत्या.

आता जे झालं ते गेल्या थंडीत. दुपारी बाई माझ्याकडे बसल्या होत्या आणि माझ्या सुनेचा निरोप आला. काचेच्या फोनवर. ‘आई खाली येना, पिशव्या जड आहेत’. मी तो बाईंना दाखवला, कारण ‘येना’ जोडून लिहिलेलं होतं आणि मला त्यांची तणतण ऐकायची होती. मिळाली. ‘येना’ असा शब्द नाही, ‘झोप येना’ म्हणतात ते वेगळं, विनवणीचा ‘ना’ तोडून लिहायचा, ‘ये ना’. आमच्या खोलीत यावर वाद झाला होता, बाकीचे म्हणत होते की लोक जोडूनच लिहितात, घेऊन टाका, पण मी तो शब्द माझ्या हाताने यादीतून काढला. असं त्या ताठ बसून सांगत होत्या.

मी आपली गंमत म्हणून विचारलं, मग त्या ठोकळ्यावर एखाद्याने ‘येना’ जोडून लिहिलं तर काय उमटायचं?

बाईंनी शाळेतल्यासारखं चटकन उत्तर दिलं. “य, मात्रा, न, काना. त्याच बटणांवर. येतो.”

आणि त्या तिथेच थांबल्या. तोंड उघडं राहिलं. मला आधी वाटलं, ठसका लागला. मी पाणी आणेपर्यंत त्या जिना चढून वर गेल्या होत्या. चपला माझ्या दारात तशाच.

मी चपला घेऊन मागे गेले. बाई घरमालकाने पाठवलेली धाकट्याच्या सामानाची पेटी उघडून बसल्या होत्या. कुंचले, एक सदरा, आणि त्याचा ठोकळा. त्यांच्याच कंपनीचा, त्यांच्याच शब्दांचा. म्हणाल्या, तो ‘ना’ कधीच तोडून लिहीत नसे. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “त्याने बोलावलं असेल तर?”

तेव्हापासून घरात ते शिरलं. भूत म्हणावं तर तसं काही दिसत नव्हतं. पण जिन्यात कोणी कोणाचा निरोप घेताना ‘येतो हं’ म्हणालं, की वर बाईंचं दार उघडायचं. रिकाम्या जिन्याकडे बघून पुन्हा बंद व्हायचं. मी एकदा चेष्टेने म्हटलं, बाई, तुमच्या दाराला कान फुटले. त्या म्हणाल्या, तुला माहीत आहे का, किती लोकांच्या हातात तो फोन होता? त्यातल्या किती जणांनी कोणाला ‘येना’ लिहिलं असेल, आणि मी ते ‘येतो’ करून पोचवलं असेल? मी चहा ठेवायला उठले.

धाकट्याचा फोन उघडून त्याचे बाकीचे निरोप वाचायचे, एवढंच त्यांना हवं होतं. पण तो मेलेला. बॅटरी उशीसारखी फुगलेली, बारीक पिनेचा चार्जर कोणाकडे नाही. कंपनीचं नाव सांगितलं की दुकानातली पोरं अशी बघायची, जणू आम्ही दोघी कोणा राजाची चौकशी करतोय. एकाने विचारलं, काकू, हा फोन आहे की वजन? शेवटी बाजाराच्या मागच्या बोळात एक दुरुस्तीवाला भेटला. टेबलाच्या खाली त्याने मेलेल्या ठोकळ्यांचं खोकं ठेवलं होतं, पत्रावळीसारखे एकावर एक. त्यातल्या एकाची बॅटरी काढून त्याने याला घातली, वायरी हाताने धरल्या, आणि फोन उजळला. ती जुनी धून वाजली. मग पडद्यावर तो आपला नेटवर्क शोधत बसला, अगदी तत्परतेने. त्याला कोण सांगणार की शोधण्यासारखं काही उरलं नाही.

दुरुस्तीवाला धाकट्याने पाठवलेले निरोप उघडून वाचू लागला. रंगाच्या दुकानदाराला, ‘उद्या येतो’. कोणा गिऱ्हाईकाला, ‘शटर बघायला येतो’. बाईंचा श्वास थोडा सुटलेला मी ऐकला. हा खरा ‘येतो’ होता, स्वतः जाण्याचा. मग तो वाचता वाचता हसायला लागला.

“हे बघा. दूधवाल्याला लिहिलंय, ‘दादा दूध घेऊन येतो’. हा माणूस दूधवाल्यालाच दूध नेऊन द्यायचा की काय?”

मीही हसले. सवयच ती. मग बाईंकडे बघितलं आणि हसू गिळलं. बाई काउंटरच्या काचेवर बोट टेकवून उभ्या होत्या. एवढंच म्हणाल्या, “ना. तो ‘ना’ मी काढला होता.”

म्हणजे दोन्ही निघालं. तो ‘येतो’ लिहायचा तेव्हा कधी येतो असायचं आणि कधी ये ना. बाईंना आलेला कोणता? मी रस्ताभर समजावलं की निम्मी शक्यता तर आपल्या बाजूने आहे. बाई म्हणाल्या, भाऊ निम्मा नव्हता. आणि दुसऱ्या दिवशी धाकट्याच्या गावी जायला निघाल्या. मला कोणी चल म्हटलं नव्हतं. मी तशीच जाते.

दूधवाला शोधायला कष्ट पडले नाहीत. आता त्याचं पक्कं दुकान आहे, फ्रीज आहे, गल्ल्यावर स्वतः बसतो. जाड भुवयांचा, सावकाश बोलणारा. धाकट्याची बहीण म्हटल्यावर त्याने उठून आतली खुर्ची पुसून दिली. म्हणाला, त्याचे निरोप? आम्ही सगळे हसायचो त्यांना. पहिल्यांदा आला तेव्हा मीही गोंधळलो, म्हटलं हा कुठे येतो दूध घेऊन. मग कळायला लागलं.

बाईंनी विचारलं, कसं कळायचं?

“सोपं होतं हो. स्वतः यायचा असला की नुसतं ‘येतो’ लिहायचा. दुसऱ्याला बोलवायचं असलं की आधी हाक असायची. ‘दादा येतो’ म्हणजे दादा, ये ना. त्याला वळखणाऱ्या सगळ्यांना माहीत होतं.”

मी बाईंचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला आणि मांडीवर ठेवला. सगळ्यांना माहीत होतं, कारण सगळ्यांना त्याचे निरोप येत होते. बहिणीला तेवढा एकच आला होता.

दूधवाल्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला वाटलं, बाईंना भावाच्या आठवणी हव्यात, म्हणून तो देत गेला. म्हणाला, आजारी होता तरी तो फोन उशाशी. मी म्हणायचो, काचेचा घे, स्वस्त झालेत, तर म्हणायचा, हा माझ्या ताईचा आहे, यात बोलतो ते सगळं तीच बोलते. शेवटच्या दुपारी मी दूध ठेवायला गेलो तर बरा दिसला. म्हणाला, ताईला निरोप पाठवलाय, आणि तिचं उत्तरपण आलं. दाखवलं मला. नुसतं ‘ये’ आणि पुढे ठिपका. मी म्हटलं, हे काय, अर्धंच? तर हसला. म्हणाला, ‘येते’ लिहायचं होतं तिला, अर्धंच गेलं, माझी ताई अर्धा शब्द सोडते म्हणजे ती पायात चपला घालत असणार. मी म्हटलं, दवाखान्यात नेतो. तर म्हणाला, आता ताई येतेय, ती नेईल, तिच्यासमोर दुसऱ्याबरोबर गेलो तर बोलेल मला. मला दार लावू दिलं नाही. उघडं असू दे म्हणाला, तिला पाटी वाचत उभं राहायला नको. सकाळी दूध घेऊन गेलो, तेव्हाही दार उघडंच होतं.

मग त्याने सहज विचारलं, “तुमची गाडी चुकली होती का हो त्या दिवशी?”

बाई म्हणाल्या, “हो.”

खोली बघायची का, असं त्याने विचारलं. कोणी शिंपी राहतो तिथे आता. बाई नको म्हणाल्या. त्याने दिलेलं दूध त्यांनी पूर्ण प्यायलं, पेला विसळून ठेवला. परतीच्या गाडीत मी बोलत राहिले, मला गप्प बसता येत नाही हे जगजाहीर आहे. म्हटलं, तो वाट बघत गेला, पण आनंदात गेला ना, ताई येतेय असं समजून. बाईंनी खिडकीबाहेर बघत विचारलं, दोन्हीकडे दारं उघडी होती, तुझ्या लक्षात आलं का? माझ्या आलं होतं. मी म्हटलं, नाही.

यानंतर बाई आजारी पडतील अशी मी तयारी ठेवली होती. त्या पडल्या नाहीत. झालं ते वेगळंच. गेल्या महिन्यात त्यांच्या घरातला दिवा गेला. वायरमनला फोन केला, तो उचलेना, मग त्याचा निरोप आला, ‘येतो’. तो आला तेव्हा बाईंच्या दाराला कुलूप. बिचारा खाली माझ्याकडे येऊन कुरकुरला. तासाभराने बाई आल्या, घामाघूम. बाजारात त्याच्या दुकानावर जाऊन आल्या होत्या. मी म्हटलं, बाई, त्याने येतो लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, हो, म्हणूनच बघून आले.

आता हे नेहमीचं झालं आहे. भाचीने ‘येते रविवारी’ कळवलं, की शनिवारीच बाई पिशवी घेऊन तिच्या दारात. गॅसवाला, पेपरवाला, बँकेतला मुलगा, कोणीही येतो म्हणायचा अवकाश. लोक हसतात, आणि हसवण्यात माझाही हात आहे. नव्या भाडेकरूंना मी हे सगळं नकलांसकट सांगते. दुपारच्या रिकाम्या जिन्यात वरून चपला वाजायला लागल्या की मात्र मी मोठ्याने रेडिओ लावते.

काल मी घरातून निघता निघता त्यांना लिहिलं, ‘वर येते’. काचेच्या फोनवर, एकेक अक्षर नीट बघून, वेलांटी-मात्रेसकट. दाराला कडी लावली आणि वळले. बाई जिन्याच्या मधल्या वळणावर पोचलेल्या होत्या. कठड्याला धरून, धापा टाकत. एका पायात चप्पल नव्हती.

“आले गं,” म्हणाल्या. “काय झालंय?”

मी म्हटलं, काही नाही झालं बाई, मीच येत होते. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, कपाळाला हात लावून ताप पाहिला, माझ्यामागे माझ्या दाराकडे बघितलं. मग पायरीवर बसल्या. मीही शेजारी बसले. जिना अरुंद आहे आमचा, दोघी बसल्या तर वाट बंद होते.